निव्वळ लाटा

शेजारच्या खोलीत टाचणी पडली तरी ज्याच्या कानावर येते, त्या माणसाला आपली बायको वर्षभर घरात धड बोललेली नाही हे कळू नये, याला काय म्हणावं? लोक म्हणत, देवाने याला कान दिले. त्याची बायको, माईकबाई, मनात म्हणे, दिले खरे, पण कानाच्या मागे काहीतरी जोडायचं राहून गेलं.

त्याचं काम आवाज टिपण्याचं. स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याला आवडे. पंखा बिघडणार हे पंख्याच्या आधी त्याला कळायचं. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलंय, कुठल्या चपला घालून आलंय, एवढंच नाही तर चपलेची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे तेही तो सांगे. ती मात्र बसस्थानकावरची. काचेची केबिन, पुढ्यात माईक, आणि गाडी सुटायच्या आधी स्वच्छ, सावकाश घोषणा. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही आणि दुसऱ्यांदा सगळे धावतात. गाव तिला माईकबाई म्हणू लागलं आणि पुढे घरातसुद्धा तेच रुळलं.

दोघांची गाठ पडली तीही तिथेच. कुठल्याशा सिनेमासाठी गर्दीचा आवाज घ्यायला तो आला होता. दुपारभर कर्ण्याखाली उभा राहिला, मग केबिनच्या काचेवर टकटक करून म्हणाला, "तुमच्या आवाजात कचरा नाही." बिचारी लाजली. तिला ती मागणी वाटली. तो माइकच्या दर्जाबद्दल बोलत होता की तिच्याबद्दल, हे तिने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. लग्न मात्र झालं.

पुढे स्थानकावर मशीन बसलं. माईकबाईकडून आकडे वेगळे म्हणवून घेतले, गावांची नावं वेगळी, 'फलाटावर' वेगळं, 'सुटणार आहे' वेगळं. ते तुकडे जोडायचं काम कानसेननेच केलं, आणि असं बेमालूम केलं की नेहमीच्या प्रवाशांनाही पत्ता लागला नाही. तिचा आवाज कामावर राहिला आणि ती घरी आली. घरी कानसेनला शांतता लागे. दिवसभर कान वापरून येतो, त्यांना विश्रांती नको का? सुरुवातीला ती बोलायची. तो "हं" म्हणायचा. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? मग तिने मूग गिळले ते गिळलेच.

थोरल्या बहिणीला, ताईला, हे फोनवरून कळलं होतं. नवरा गेल्यापासून ताई एकटीच राहायची, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. "ये इकडे कायमची," ताई म्हणाली. "मलाही भांडायला कुणीतरी हवंच आहे." माईकबाई हसली, पण नाही म्हणाली नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता, कानसेन आपणहून म्हणाला, "समुद्रावर जाऊ या का? आपली गाडी घेऊन. शांत शांत किनारे बघत जाऊ. दोघंच."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने 'दोघंच' हा शब्द वापरल्याचं तिला आठवत नव्हतं. रात्री बॅग भरताना तिने मनाशी ठरवून टाकलं. या सहलीत त्याने एकदा, फक्त एकदा, "काय झालंय तुला?" असं विचारलं, की ताईला 'येत नाही' म्हणून कळवायचं. नाही विचारलं, तर परत घरी यायचंच नाही. एवढा मोठा संसार एवढ्याशा प्रश्नावर टांगून ठेवला म्हणून कुणी हसेल. हसू दे. तिची मागणी मुळात एवढीशीच उरली होती.

पहिला किनारा खरोखर सुरेख होता. सुरूच्या झाडांतून वाट उतरली आणि एकदम समोर समुद्र, लांबच लांब वाळू, तिच्यावर पक्ष्यांच्या पावलांशिवाय काही नाही. माईकबाईला भरून आलं. अंगावर घ्यायला शाल काढावी म्हणून तिने डिकी उघडली, शाल उचलली, आणि शालीखाली लोकरीचं अंगडं घातलेला तो झोपला होता. माइक. शेजारी मशीन, हेडफोन, तिपाई, वायरीची गुंडाळी. सगळं कुटुंब.

"अहो, हे काय?"

"असू दे गं. हाताशी असलेलं बरं."

"दोघंच म्हणाला होतात."

"मग? दोघंच तर आहोत," असं म्हणत त्याने किनाऱ्यावर समाधानाने नजर फिरवली. "बघ, चिटपाखरू नाही. बोट नाही, रस्ता नाही, शाळा नाही. किती शोधून काढलंय मी हे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्यांना झोप लागत नाही अशा लोकांसाठी कुणी एक कंपनी फोनवर आवाज पुरवते. त्यांना लाटा हव्या होत्या. निव्वळ लाटा, सलग, मध्ये माणसाचा आवाज नको. "खोकलासुद्धा चालत नाही त्यांना," तो कौतुकाने म्हणाला. "माणसाचा आवाज आला की झोपणारा जागा होतो." म्हणजे शांत किनारे त्या दोघांसाठी निवडले नव्हतेच, झोप न येणाऱ्या परक्या लोकांसाठी निवडले होते. आणि 'दोघंच' यातला दुसरा कोण, तेही तिला कळलं. तो शालीखाली झोपला होता.

तिथून पुढे तिची शिकवणी सुरू झाली. तिचं वाऱ्याचं जाकीट कुरकुरतं, ते गाडीत ठेव. बिस्किटाचा पुडा नको. चपला काढ. "आणि मध्येच उठू नकोस, तुझा उजवा गुडघा वाजतो." गुडघा दुखतो का, हे त्याने विचारलं नाही. तो दुखत होता. ज्या बाईच्या एका वाक्यावर सगळं स्थानक सामान उचलून धावायचं, ती बाई हाताची घडी, तोंडावर बोट अशी खडकावर बसून राहिली. समोर एवढा समुद्र मोकळा पसरलेला, आणि इकडे शिंक आली तरी नाक दाबायची चोरी.

वाटेत खडक ओलांडताना त्याने तिचा हात धरला. घट्ट धरला. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे सगळं, ताईला काहीतरी सांगता येईल. तेवढ्यात तो कुजबुजला, "सांभाळून, दगड घसरला की फार वाजतो." तिने हात सोडवून घेतला नाही. पण त्या हातातला जीव गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिने धीर करून विषय काढला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली चमचमतं पाणी, रस्त्यावर दुसरी गाडी नाही. बोलायला याहून चांगली जागा कुठली?

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"हं."

"हं नाही. नीट बोलायचंय. घरी मला—"

"थांब, थांब," त्याने हात वर केला. मान किंचित तिरकी केली, गाडी कडेला घेतली, उतरला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि किल्लीने टायरच्या खाचेतून मटाराएवढा खडा उकरून काढला. "बघ! केव्हापासून टिकटिक ऐकतोय." तो खडा त्याने डॅशबोर्डवर ठेवला आणि दुपारपर्यंत खुशीत होता. शेजारी बसलेल्या बाईचं वाक्य अर्धवट राहिलं होतं, ते दुपारपर्यंत अर्धवटच राहिलं. खड्याइतकं तरी टोचायला हवं होतं आपण, असं तिच्या मनात आलं आणि स्वतःचीच चीड आली.

तिसऱ्या दिवशीचा तिसरा किनारा सगळ्यात आडबाजूला होता. गाडी वर ठेवून पाऊलवाटेने उतरावं लागलं. खाली अर्धचंद्रासारखी खाडी, दोन्ही टोकांना काळे खडक, आणि पाणी इतकं निवळ की लाट उठली की तिच्या पोटातली वाळू दिसे. कानसेनने मधोमध तिपाई लावली, माइक समुद्राकडे केला, हेडफोन चढवले आणि वाळूवर मांडी ठोकली. तिला दूर खडकाकडे बोट दाखवलं. म्हणजे तिकडे जा आणि नसल्यासारखी राहा.

ती गेली. पण बसली मात्र नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं मन नाही तरी त्याचं काम तिला पाठ झालं होतं. तिने ओढणीचं टोक वर धरलं आणि वारा कुठून कुठे जातोय ते पाहिलं. वारा खडकाकडून माइककडे वाहत होता. म्हणजे इथे बोललेलं थेट तिथे जाणार, आणि तिथून थेट त्याच्या कानात. समोरासमोर बोलून झालं होतं, गाडीत बोलून झालं होतं. एकच दार उरलं होतं, जे तो कधीच बंद करत नसे. माइकमधून आलेलं तो टाकत नाही. तिला आठवत होतं तसं, तिचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तोही कर्ण्यातूनच.

फोनला रेंज नव्हती, वर गाडीपाशीही नव्हती. तरी तिने फोन कानाला लावला. उघड उघड त्याच्याशी बोलायचं म्हणजे पुन्हा त्याच्या वर केलेल्या हातासमोर उभं राहायचं. फोनच्या आडून सोपं होतं.

"ताई, मी येतेय," ती म्हणाली. आवाज आपोआप केबिनमधला लागला, स्वच्छ आणि सावकाश. "मी येतेय. कायमची येतेय. मला या घरात कुणी ऐकत नाही. माझा गुडघा वाजतो हे त्यांना माहीत आहे, दुखतो हे माहीत नाही. मी रडले तर नळ गळतोय का बघायला उठतात. मला भांडण नको, काही नको. त्यांनी एकदा, काय झालंय तुला, एवढं विचारलं तर मी येणार नाही. एकदा विचारलं तरी मी येणार नाही. नाही विचारलं तर येतेय. कायमची."

बोलता बोलता ती त्याच्याकडेच बघत होती. पहिल्या वाक्याला त्याची मान वर झाली. मग त्याचा हात मशीनच्या बटणाकडे गेला आणि त्याने बटण थोडंसं फिरवलं, मोठ्या आवाजाने कान दुखला की फिरवतो तसं. म्हणजे ऐकू गेलं होतं. शब्दन् शब्द गेला होता. तो उठला नाही. वळलाही नाही. ठरलेला वेळ पुरा होईपर्यंत तसाच बसून राहिला, आणि तीही खडकाला टेकून उभी राहिली. बाण सुटला होता, आता परत भात्यात येणार नव्हता.

परत चढताना तो एक अक्षर बोलला नाही. पण तिची बॅग त्याने आपल्या खांद्याला अडकवली. गाडीचं दार उघडून धरलं. वाटेत टपरीवर थांबून तिच्यासाठी चहा आणला, साखर वेगळी आणली. हे सगळं तो कधी करत नसे. आशेच्या भरात ती साखर ढवळत बसली ती ढवळतच राहिली. विचार करतोय, ती स्वतःला सांगत राहिली. त्याला वेळ लागतो. माणूस काही वाईट नाही.

लॉजवर पोचल्यावर लॉजवाल्या बाईने जेवणाचं विचारलं, तर तो म्हणाला, "नंतर. मला आधी जरा एक काम आहे." खोलीत येऊन त्याने खिडकीशी टेबल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. हेडफोन कानावर. दुपारचं ऊन टेबलावरून त्याच्या मनगटावर आलं होतं.

ती पलंगाच्या कडेला बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसत होत्या. समुद्राची जाड, एकसारखी पट्टी आणि तिच्यात मध्येच उभे राहिलेले काटे. ते काटे म्हणजे आपण, हे तिला कळलं. तो त्या काट्यांपाशी जाई, ऐके, मागे येई, पुन्हा ऐके. एकदा, दोनदा, कितीदा तरी. मध्येच त्याने चष्मा काढला आणि दोन्ही डोळे अंगठ्याने पुसले. ऐका, ती मनातल्या मनात म्हणत होती, पुन्हा ऐका, आत जाईपर्यंत ऐका. घरात न मिळालेला वेळ आज एका दुपारी मिळत होता. नवरा आपल्याला इतकं कान देऊन ऐकतोय हे दृश्य बघायला मिळावं म्हणून आणखी दोन दिवस जेवण नाही मिळालं तरी तिची तक्रार नव्हती.

शेवटी तो वळला. चेहरा उजळलेला होता. असा चेहरा तिने फार वर्षांपूर्वी केबिनच्या काचेपलीकडे पाहिला होता.

"ये," तो म्हणाला. "इकडे ये. ऐक."

ती गेली. त्याने तिला खुर्चीत बसवलं, तिच्या कानामागचे केस हळुवार बाजूला केले आणि हेडफोन चढवले. बटण दाबलं.

लाटा. एक आली, फुटली, वाळूवरून सरकत मागे गेली. दुसरी आली. दूर एक पक्षी ओरडला. ती आपल्या आवाजाची वाट बघत होती. तिला वाटलं, आता येईल, 'ताई' येईल, मग आपण हेडफोन काढू आणि तो विचारेल. लाटा येत राहिल्या. पक्षी पुन्हा ओरडला. तिने कान टवकारले, एखादी फट, एखादा सांधा, काही. काहीच नव्हतं. तिसऱ्या किनाऱ्यावर त्या दिवशी माणूस म्हणून कुणी उतरलंच नव्हतं.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता, नाणं गायब करून दाखवणाऱ्या माणसासारखा. "सापडलं?"

तिने हेडफोन काढले. "काय?"

"तू कुठे होतीस ते."

"नाही."

"कुणालाच सापडणार नाही!" त्याने टेबलावर थाप मारली. "कालच्या किनाऱ्यावरच्या लाटा घेतल्या, पण हवा वेगळी होती, ती जुळवताना नाकी नऊ आले. डोळे गेले बघून बघून."

"मी काय बोलले ते ऐकलंत तुम्ही?"

"अगं, ऐकल्याशिवाय कापता येतं का? एकेक शब्द मागून-पुढून ऐकलाय. तुझ्या 'कायमची'तला 'ची' फार नडला. नेमका लाटेच्या फेसात मिसळला होता. दोन्ही वेळेला."

"मग?"

आता त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन थोडं उतरलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "ताईंकडे जाऊन ये ना थोडे दिवस," तो म्हणाला. "हवापालट होईल."

"मी ताईशी बोलत होते, असं वाटलं तुम्हाला?"

इथे तो 'हो' म्हणाला असता तर बरं झालं असतं. एका खोट्या 'हो'वर तिने उरलेलं आयुष्य काढलं असतं. बायकांनी त्याहून कमी गोष्टींवर काढली आहेत. पण आवाजाच्या बाबतीत कानसेन खोटं बोलत नसे. तो त्याचा धर्म होता.

"छे," तो म्हणाला. "तिथे रेंज कुठे होती? आणि फोनवर माणूस मध्ये मध्ये थांबतो, समोरच्याला बोलायला जागा सोडतो. तू कुठे थांबलीच नाहीस. तेवढ्या जागा असत्या तर माझं काम किती सोपं झालं असतं."

"मग मी कुणाशी बोलत होते?"

त्याला उत्तर माहीत होतं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटलं, आणि तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलंय हे त्यालाही कळलं. त्याने घसा खाकरला. मग खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली, ती उठली तशी तिच्या जागी बसला आणि म्हणाला, "उद्याचा किनारा यापेक्षा छान आहे म्हणतात." आणि हेडफोन चढवले.

इतकी वर्षं तिने त्याला एका गोष्टीसाठी माफ करत आणलं होतं: त्याला आपण ऐकूच येत नाही. बहिऱ्यावर कोण रागावणार? तो बहिरा नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं, तिच्या श्वासासकट ऐकलं होतं, कुणासाठी आहे तेही ओळखलं होतं, आणि सफाईने काढून टाकलं होतं. तिला रडू आलं नाही. तोंडात कडू चव आली, गोळी जिभेवरच विरघळावी तशी.

तिने बॅग भरली. भरायला फारसं काही नव्हतं, सगळे कुरकुरणारे कपडे गाडीतच होते, ते राहू देत. खाली लॉजवाली बाई अंगणात चादरी वाळत घालत होती. माईकबाईने खिडकीतून तिला विचारलं, नाक्यावरून गाडी मिळेल का. मिळेल, ती म्हणाली, ऊन उतरायच्या आत जा. हे बोलणं त्याच्या डोक्यावरून, त्याच खिडकीतून झालं. त्याची पाठ हलली नाही. बोटं चालू होती.

तिने बॅग खांद्याला लावली, गुडघा वाजला, आणि ती दारापर्यंत गेली. एकदा मागे वळून बघावं असं वाटलं, म्हणून बघितलं. तेव्हा त्याने, न वळता, एक हात वर केला. तिला वाटलं, आता.

"दार हळू ओढ," तो म्हणाला.

आणि तिची सवय अशी हाडात मुरलेली, की तिने दोन्ही हातांनी कडी धरली, चौकटीवर आपटू दिलं नाही, आणि दार जराही आवाज न करता लावलं. जिन्यात उभी राहून ती आपल्या त्या हातांकडे बघत राहिली. नवऱ्याचा आला नव्हता एवढा राग तिला त्या हातांचा आला.